दाराला कडी आम्हीच लावत होतो

कोल्हापुरात संध्याकाळच्या सत्रात चालणाऱ्या एका महाविद्यालयात आम्ही तिघं शिकवतो. एकजण अर्थशास्त्र, एकजण इंग्रजी, एकजण मराठी. तिघंही तासिका तत्त्वावर, तिघंही आंबेडकरी चळवळीत वाढलेले. वर्गाच्या भिंतीवर फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी आम्हीच वर्गणी काढून लावल्या. आणि त्याच वर्गाच्या दाराला रोज सहा वाजून दहा मिनिटांनी आतून कडीही आम्हीच लावत होतो.

आमच्या मते ती शिस्त होती. ‘आपल्या पोरांना वेळेची किंमत कळली पाहिजे,’ असं आम्ही एकमेकांना सांगायचो. सहाचा तास म्हणजे सहाचा. दहा मिनिटांची सूट, मग दार बंद.

प्रथम वर्षाला एक मुलगी होती. तिची आई आणि आजी सुभाषनगरात कोल्हापुरी पायताणाच्या वेण्या घालतात. ती स्वतः गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला. साडेपाचला सुट्टी व्हायची, पण गेटवरची तपासणी, मग रस्त्यापर्यंत चालत येणं, मग केएमटी नाहीतर वडाप. काहीही केलं तरी तिला सहा-वीसच्या आत पोचता येत नसे. एक दिवस तिनं खिडकीतून विचारलं, “सर, मी हितंच उभारून ऐकतो, चालंल काय?”

आम्ही काय म्हणालो? “उद्या वेळेवर ये.”

त्यानंतर ती चार दिवस खिडकीपाशी उभी राहिली. पाचव्या दिवशी आली नाही. ती येत नाही हे आमच्या लक्षात यायला महिना गेला, तेही हजेरीपटावर लाल रेघ मारताना. साताऱ्याच्या शाळेत भिवाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं, हे आम्ही दर 14 एप्रिलला भाषणात सांगतो. आणि आमच्याच वर्गाबाहेर एक लेकरू उभं राहून ऐकायला परवानगी मागत होतं, तेव्हा आम्हाला घड्याळ आठवलं.

मित्रांनो, हा लेख पश्चात्तापासाठी लिहिलेला नाही. पश्चात्तापानं कुणाचं वर्ष परत येत नाही. त्या मुलीनंतर आम्हाला आमची शिकवण्याची पद्धत मुळापासून तपासावी लागली. त्यात काय चुकलं, काय जमलं आणि काय आमच्या हातातच नाही, हे चळवळीतल्या तरुणांपुढं ठेवावं असं वाटलं. कारण तुमच्यापैकी अनेकजण उद्या शिकवणार आहात. विहारात, वसतिगृहात, अभ्यासिकेत, महाविद्यालयात.

चोवीस तासांचा कागद

सुरुवात साधी होती. आम्ही वर्गात कोरे कागद वाटले आणि सांगितलं, तुमचे कालचे चोवीस तास लिहा. उठलो किती वाजता, कामावर गेलो किती वाजता, जेवलो कधी, झोपलो कधी. नाव लिहायची गरज नाही.

ते कागद वाचून आम्ही गप्प झालो. कुणी पहाटे दुधाच्या गाडीवर जाऊन मग उद्यमनगरात लेथवर उभा राहतो. कुणी गांधीनगरच्या कापड दुकानात दिवसभर गठ्ठे उचलते आणि घरी जाऊन आठ माणसांच्या भाकऱ्या थापते. एकानं ‘अभ्यास’ या शब्दापुढं फक्त ‘वडापमध्ये’ एवढंच लिहिलं होतं.

सगळ्यात मोठा धडा मात्र शिरोलीच्या फाउंड्रीतल्या एका पोराच्या कागदानं दिला. त्याच्या पाळ्या आठवड्याला फिरतात. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो दुपारी तीन ते रात्री अकरा भट्टीपाशी असतो. म्हणजे दर तीन आठवड्यांतला एक आठवडा संध्याकाळचा वर्ग त्याला मिळूच शकत नाही. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. उरलेल्या दोन आठवड्यांत त्यानं एकही दिवस चुकवला नाही, आजारी पडला नाही, घरात लग्न-मयत काही झालं नाही, तरी त्याची हजेरी 67 टक्क्यांच्या पुढं जात नाही. आणि नियम आहे 75 टक्क्यांचा.

म्हणजे तो पोरगा नापास व्हायच्या आधीच नियमानं नापास झालेला होता. आम्ही मात्र दोन वर्षं त्याला ‘अनियमित’ म्हणत होतो. त्याच्याइतका नियमित माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. फक्त त्याचा नियम कारखान्यानं ठरवलेला होता आणि आमचा नियम ज्याला कमवावं लागत नाही अशा विद्यार्थ्याला समोर धरून बनवलेला होता.

हे नीट समजून घ्या. महाविद्यालयाचं वेळापत्रक, हजेरी, प्रमाण भाषा, तीन तासांची लेखी परीक्षा यांतली कुठलीही गोष्ट आभाळातून पडलेली नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी शिकलेलं होतं आणि ज्यांच्या पोरांना संध्याकाळ मोकळी होती, त्यांच्या सोयीनं ती घडली. त्या साच्यात जो बसत नाही त्याला ‘कच्चा’ म्हणायचं, ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे. ती आमच्याही अंगात शिरली होती, आणि गळ्यात निळा रुमाल असूनही शिरली होती.

रामजींनी काय बदललं?

आम्ही दार उघडं ठेवायला लागलो तेव्हा पहिला विरोध आपल्याच माणसांकडून झाला. चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, रागावून म्हणाले, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. त्यांना कुणी सवलत दिली होती? तुम्ही पोरांना लाडावून ठेवताय.”

दादांचा राग खोटा नाही. आपल्या पोरांना कमी लेखून, ‘तुम्हाला एवढंच जमेल’ म्हणत सोपं सोपं देणाऱ्यांचा अनुभव त्यांना आहे. तरीही आम्ही त्यांना एक गोष्ट आठवून दिली.

परळच्या चाळीतली एक खोली. सगळं बिऱ्हाड त्याच खोलीत. स्वयंपाक तिथंच, झोपणं तिथंच. त्या गडबडीत भीमाचा अभ्यास कसा व्हायचा? रामजीबाबा पोराला संध्याकाळी लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, दोनला त्याला उठवायचे आणि मग त्याच्या जागेवर स्वतः अंग टाकायचे. घर झोपलेलं असताना पोरगं अभ्यास करायचं.

रामजींनी पुस्तक सोपं केलं नाही आणि अभ्यासही कमी केला नाही. त्यांनी खोलीचं वेळापत्रक बदललं, स्वतःची झोप मोडून बदललं. अठरा तासांचा अभ्यास आपण सांगतो, पण त्या अभ्यासासाठी जागणारा बाप सांगायला विसरतो. केळुसकर गुरुजींनी त्या मुलाला पुस्तकं दिली, सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली. एकट्या माणसाच्या जिद्दीच्या गोष्टीत हे सगळे हात असतात. वर्गात उभा राहणारा शिक्षक यांतला एक हात असायला हवा.

आणि ही गोष्ट फक्त एका घरापुरती नाही, आपल्या चळवळीची शिक्षणातली परंपराच ही आहे. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी 1855 मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसा शाळेत येणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी शाळाच रात्री नेली. शाहू महाराजांनी पाहिलं की खेड्यातलं पोरगं कोल्हापुरात येईल, पण राहणार कुठं आणि जेवणार कुठं? म्हणून 1901 पासून या शहरात एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. 1919 मध्ये त्यांनी संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले गेले.

योगायोग पाहा. अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे कामगारांच्या आणि गरिबांच्या मुलांना घराजवळ, कमी खर्चात, सोयीच्या वेळी शिकवणारी दोन वर्षांची महाविद्यालयं, त्यातलं सगळ्यात जुनं, इलिनॉय राज्यातलं जोलिएटचं, सुरू झालं तेही 1901 मध्येच. आज शिक्षणतज्ज्ञ ‘विद्यार्थिकेंद्री शिक्षण’ म्हणून जे परदेशातून आणतात, त्याची वाट या मातीत आधीच पडलेली आहे. आपण तिच्यावर चालायचं सोडलं, एवढंच.

12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडा मांडला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोचतात, बाकी 82 पुन्हा निरक्षर होतात. त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की समाजातले गट मुळातच असमान पायरीवर उभे असतील, तर त्यांना समान पायरीवर आणण्यासाठी खालच्याला जास्त द्यावं लागेल. सगळ्यांना एकाच मापानं मोजणं ही समता नव्हे. आम्ही ते भाषण अनेकदा वाचलं होतं. आरक्षणाच्या वादात वापरलंही होतं. ते आमच्या वर्गाच्या कडीलाही लागू आहे, हे मात्र आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

काय काय बदललं

पहिलं म्हणजे कडी काढली. सहा ते साडेसहा हा वेळ आम्ही वाचनाचा ठेवला. जो येईल तो मागच्या तासाचं टिपण वाचतो, आधी आलेल्याला विचारतो. मुख्य शिकवणं साडेसहाला सुरू होतं. वेळ तेवढाच आहे, पण उशिरा येणाऱ्याचा धडा बुडत नाही.

दुसरं, फिरत्या पाळीवाल्यांसाठी जोडीदार ठरवले. ज्याचा आठवडा बुडणार आहे त्याचा एक जोडीदार. तो टिपण लिहून ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात अर्धा तास बसून समजावून सांगतो. यात एक गंमत झाली. ज्यांना समजावून सांगावं लागायचं तेच जास्त शिकले. दुसऱ्याला सांगायचं म्हटल्यावर न कळलेलं झाकता येत नाही.

तिसरा प्रयोग फसला. आम्ही दहा-दहा मिनिटांची ध्वनिमुद्रणं करून मोबाइलवर पाठवायला लागलो. आम्हाला वाटलं, आता प्रश्न मिटला. पण ऐकणारी बहुतेक मुलंच निघाली. मुली गप्प. विचारल्यावर कळलं की घरात मोबाइल एकच, तो भावाकडे किंवा नवऱ्याकडे. ‘सगळ्यांकडं मोबाइल असतोच’ हे आमचं गृहीतक पुरुषांच्या खिशाकडं बघून केलेलं होतं. मग आम्ही हातानं लिहिलेल्या एका पानाच्या झेरॉक्स द्यायला लागलो. जुनी पद्धत, पण ती पिठाच्या डब्यावर ठेवूनही वाचता येते.

चौथं, भाषा. कोल्हापूरकडच्या अनेक मुली ‘मी आलो, मी करतो’ असंच बोलतात. ती इथली रीत आहे. आमच्यातले मराठीचे सर वर्षानुवर्षं त्यांना मधेच अडवून ‘आले म्हण, करते म्हण’ असं दुरुस्त करायचे. परिणाम एकच झाला, मुली बोलायच्याच बंद झाल्या. आता आम्ही पद्धत अशी ठेवली आहे. उत्तर आधी तोंडी, आपल्या बोलीत. शेजारच्यानं ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. मग सगळ्यांनी मिळून ते प्रमाण मराठीत लिहायचं. मग त्यातली दोन वाक्यं इंग्रजीत. बोली ही चूक नाही, पण परीक्षेची आणि कोर्टकचेरीची भाषा वेगळी आहे आणि तीही आपल्याला यायलाच हवी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगाव्या लागतात.

पाचवं, अर्थशास्त्राचा पहिला धडा आम्ही पगाराच्या पावतीवरून घेतला. मूळ पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के कापले जातात, मालकानंही तेवढेच भरायचे असतात. राज्य विमा योजनेत कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के. पोरांनी आपापल्या पावत्या आणल्या. काहींकडं पावतीच नव्हती. ठेकेदार रोख देतो. दोघांच्या पगारातून पैसे कापले जात होते, पण खात्याचा क्रमांक त्यांना कुणी दिलेलाच नव्हता. त्या दिवशी टक्केवारी, मागणी-पुरवठा, संघटित आणि असंघटित क्षेत्र या गोष्टी शिकवाव्या लागल्या नाहीत. पोरंच विचारत होती, आम्ही उत्तरं शोधत होतो. तास संपल्यावर कुणी उठेना.

सोपं करणं हाही एक फसवा दयाळूपणा

आता आमची दुसरी चूक सांगतो, कारण ती पहिलीपेक्षा गोड होती आणि म्हणून जास्त धोक्याची होती.

पहिल्या सत्राचा निकाल वाईट लागल्यावर आम्ही घाबरलो. प्रत्येक विषयाचे दहा ‘हमखास’ प्रश्न काढले, त्यांची छोटी उत्तरं लिहून दिली, पाठ करून घेतली. पुढच्या सत्रात निकाल एकदम वर गेला. आमचं कौतुक झालं. आम्हीही खूश.

मग एक दिवस एक पोरगा नव्या कारखान्याचं नेमणुकीचं पत्र घेऊन आला. दोन पानं इंग्रजी. कामाचे तास, कामावरून काढण्याची नोटीस, जादा कामाचा मोबदला, सगळं त्यात होतं. त्याला त्यातलं एक कलम धड लावता येईना. इंग्रजीत तो पास झाला होता, आमच्याच दहा प्रश्नांवर. तो सहज म्हणाला, “पास झालो खरं सर, पण कळलं काय न्हाई.”

त्या वाक्यानं आमचे डोळे उघडले. दादांचा राग कुठं खरा होता तेही कळलं. वेळ बदलणं, वाट बदलणं, भाषेची पहिली पायरी बदलणं हा पोराचा हक्क आहे. पण पोचायचं ठिकाण बदलणं ही त्याची फसवणूक आहे. वरच्या जातीचा शिक्षक ‘यांना काय कळतंय’ म्हणून कमी शिकवतो आणि आपला शिक्षक ‘बिचारे राबून येतात’ म्हणून कमी शिकवतो. पोराच्या हातात दोन्हीकडून सारखंच पडतं.

आम्ही ‘हमखास’ प्रश्न बंद केले. निकाल पुन्हा थोडा खाली आला. तो आम्ही सोसला.

“आमाला पायताणच शिकवणार काय?”

जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दिसल्या. सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं गेलं नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचं मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीचा करार झाला. एका जोडाची किंमत सुमारे 800 युरो असेल अशी बातमी आली.

आम्हाला वाटलं, यापेक्षा चांगला धडा कुठला? इंग्रजी बातमी आणली. वाक्यावाक्यानं वाचली. भौगोलिक मानांकन म्हणजे काय, ते कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये कसं मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे का आहेत, हे सगळं आलं. वर्गातल्या चर्मकार आणि ढोर समाजातल्या पोरांना बोलायला लागलं तेव्हा आमचं शिक्षण सुरू झालं. बाभळीची साल आणि हिरड्यानं कातडं कसं कमावतात, वेणी बायका का घालतात, कापशी चपलेला ते नाव कुठल्या गावावरून पडलं.

मग मागच्या बाकावरून दोन प्रश्न आले. दोन्ही आम्ही विसरणार नाही.

पहिला एका मुलानं विचारला, “सर, बातमीत कारागीर लिवलंय, वारसा लिवलाय. आमची जात कुठं लिवलीय?” आम्ही बातमी पुन्हा वाचली. खरंच नव्हती. ज्या कामामुळं माणसाला शिवत नव्हते, त्या कामाचा आज वारसा झाला, पण ज्यांना शिवत नव्हते ते मात्र बातमीतून गायब. नावाला संरक्षण मिळालं, हाताला किती मिळतं हा प्रश्न तसाच राहिला.

दुसरा प्रश्न एका मुलीनं विचारला आणि तो आमच्यावर होता. “आमी हितं पायताणातनं भाईर पडाय येतोय. तुमी आमाला पायताणच शिकवणार काय?”

तिचं बरोबर होतं. या देशात ‘मुलांच्या जीवनाशी जोडलेलं शिक्षण’ या गोड नावाखाली जातीचा धंदा शिकवायचे बेत झालेले आहेत. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची करून उरलेल्या वेळेत मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. पेरियारांनी ती कुलधंद्याची योजना म्हणून रान उठवलं आणि 1954 मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. आज कौशल्य विकासाच्या नावानं एक-एक वर्षाचे छोटे अभ्यासक्रम आपल्याच वस्त्यांत का येतात आणि तत्त्वज्ञान, गणित, कायदा तिकडंच का राहतात, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

मग आम्ही एक कसोटी ठरवली. धडा पोराच्या कामापासून सुरू होऊ दे, पण तो तिथंच संपता कामा नये. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर 800 युरो लिहिले आणि विचारलं, याचे रुपये किती आणि ते कोण ठरवतं? तिथून विनिमयाचा दर निघाला. तिथून रिझर्व्ह बँक निघाली. तिथून रुपयाचं मूल्य कशावर ठरावं हा शंभर वर्षांपूर्वीचा वाद निघाला आणि त्या वादात 1923 साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणारा परळच्या चाळीतला तोच मुलगा निघाला. पोरांनी बाबासाहेबांना पुतळ्यात पाहिलं होतं. बिंदू चौकातला त्यांचा पुतळा 1950 मध्ये, ते हयात असताना उभा राहिला, हे त्यांना पाठ होतं. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब त्यांना पहिल्यांदा भेटले, तेही चपलेच्या किमतीवरून. प्रश्न विचारणारी ती मुलगी त्या दिवशी तास संपल्यावर म्हणाली, “आता बरं वाटलं.”

आमच्या चांगुलपणावर हे चालता कामा नये

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, किती तळमळीचे शिक्षक! कृपा करून म्हणू नका. आम्हाला तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने थकतात. पुढच्या वर्षी आम्ही असू की नाही, हे आम्हाला माहीत नाही. जोडीदारांना बसायला मिळणारा अर्धा तास, झेरॉक्सचा खर्च, घरोघर जाऊन विचारणं, यातलं काहीही कुठल्या कागदावर नाही. आम्ही उद्या गेलो तर दाराला पुन्हा कडी लागेल. हक्क जेव्हा दोन-तीन माणसांच्या दयेवर चालतो तेव्हा तो हक्क राहत नाही.

म्हणून मागणी संस्थेकडं आणि शासनाकडं करायला हवी. कामगार विद्यार्थ्यांसाठी हजेरीचा वेगळा नियम हवा, पाळीचा दाखला आणला तर बुडालेला आठवडा भरून काढायची सोय हवी. रिक्त जागांवर कायम शिक्षक हवेत. रात्री घरी जायला बस हवी. भारत सरकारची शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नव्हे, फी भरायच्या वेळी हातात पडायला हवी. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची जी दारं ठेवली आहेत, त्यांवर आपली नजर हवी. श्रीमंताच्या पोरासाठी ती सोय असेल. आमच्या फाउंड्रीतल्या पोरासाठी तेच गळतीचं नवं नाव होऊ शकतं. पूर्वी त्यानं शिक्षण ‘सोडलं’ अशी नोंद व्हायची आणि कुणाला तरी जाब विचारता यायचा. आता तो प्रमाणपत्र घेऊन ‘बाहेर पडला’ अशी नोंद होईल, आणि जाब विचारायचा प्रश्नच मिटेल.

तरुण मित्रांनो, तुमच्या वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे. जयंतीला तिथं रोषणाई होते. वर्षातले बाकीचे दिवस संध्याकाळी तिथला एक दिवा लावून बघा. आणि वर्ग सुरू करण्याआधी पोरांना चोवीस तासांचा कागद लिहायला लावा. कुठली वेळ ठेवायची, काय शिकवायचं, कुठून सुरुवात करायची, हे तो कागदच सांगेल. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यातलं पहिलं पाऊल पोरानं टाकावं असं वाटत असेल, तर त्याला पाय ठेवायला जागा द्यावी लागेल.

त्या खिडकीतल्या मुलीकडं आम्ही गेलो होतो. सुभाषनगरात. उशीर झाला होता, सत्र संपलं होतं. दारात तिची आजी वेणी घालत बसली होती. मुलगी आतून आली, पाणी दिलं, बसा म्हणाली. आम्ही सांगितलं की आता दार बंद करत नाही, पुन्हा ये. ती म्हणाली, “बघतो सर. आता डबल ड्युटी हाय.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला बरं वाटलं असतं.

ती अजून आलेली नाही. या वर्षी तिचा धाकटा भाऊ प्रवेश घेऊन गेला. पहिल्या दिवशी तो सहा वाजून पंचवीस मिनिटांनी आला, दारापाशी थबकला आणि आत बघत राहिला. वर्गातली पोरं म्हणाली, “ये की रं आत, दार उघडंच असतंय.”

दार उघडं आहे. त्याच्या बहिणीसाठी ते वर्षभर आधी उघडायला हवं होतं.

जय भीम! जय शाहू!